शेवटची सात मिनिटं

सोमवार, ४ फेब्रुवारी

श्री.

आज घरात आलेलं सामान: कॉम्प्युटर एक, वापरलेला, पडद्यासकट, साडेसहा हजार. कॅमेरा आणि कॉम्प्युटर जोडायची तार एक, एकशे चाळीस. कोऱ्या डीव्हीडी पंचवीस, डब्यात, तीनशे. डीव्हीडीवर नाव घालायचं काळं पेन एक, पंचवीस. टेबल एक, खालच्या काकांनी फुकट दिलं. त्याचा एक पाय आखूड आहे, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी घातली, तीही फुकट. कॅमेरा काकांच्याच मालकीचा, फक्त वापरायला दिलेला. किंमत विचारली तर म्हणाले, वहिनी, ऐकलीत तर त्याला हात लावायची हिंमत व्हायची नाही तुम्हाला.

नव्या गावात येऊन तीन दिवस झाले आणि घर मनासारखं लागलं, देवाची कृपा. खोल्या दोनच, पण दोन्हींना खिडक्या. खाली काकांचा स्टुडिओ, समोर इस्त्रीवाला, त्याच्या बाजूला सायकलदुरुस्ती. यांचं गोदाम चालत दहा मिनिटांवर, म्हणजे बसचा खर्च वाचला. देव कोनाड्यात बसवले. सकाळी जप आटोपून खिडकी उघडली तर ऊन थेट त्यांच्या पायांवर आलं. मी ते शुभ मानलं. हे म्हणाले, पडदा घ्यावा लागणार.

ठकी, आमची एकुलती एक, आठ पुरी, सध्या आमच्याजवळ आहे, पण फक्त शनिवारपर्यंत. तिची परीक्षा जुन्या गावच्या शाळेत व्हायची आहे, म्हणून पुढचा महिनाभर ती माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, राहील. अक्काच्या घरी फोन आहे, शाळा समोरच आहे. काळजीचं कारण नाही. तरी तिचे कपडे आतापासूनच मोजून ठेवलेत.

काम असं. काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पडद्याकडे टक लावून बघायला मनाई केली. लोकांनी घरी कॅमेऱ्यावर भरलेल्या छोट्या कॅसेटी त्यांच्याकडे येतात, त्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून डीव्हीडी करून द्यायच्या. मॅट्रिकपर्यंत शिकलेली, रोजचा हिशेब ठेवणारी बाई नेमकी वरच राहायला आली म्हणून ते खूश आहेत. म्हणाले, देवाने धाडली. मी म्हटलं, धाडलं देवाने, पण जिने मलाच चढायचे आहेत.

दुपारभर त्यांनी शिकवलं. कॅसेट दोन काडेपेट्यांएवढी. ती कॅमेऱ्यात ठेवायची, झाकण जोराने दाबायचं नाही, ते आपलं आपण आत जातं. पूर्ण मागे गुंडाळायची, तार जोडायची, कॉम्प्युटरला सांगायचं आणि बसायचं. साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठ मिनिटंच लागतात, तिथे घाई चालत नाही. ज्याने शूटिंग घेतलं त्याने कॅमेरा जिथे जिथे बंद करून पुन्हा चालू केला असेल, तिथे कॉम्प्युटर आपोआप तुकडा पाडतो. चित्र नव्या जातीचं, हाय डेफिनिशन, इतकं बारीक की आहे तसं डीव्हीडीत मावतच नाही, शेवटी लहान करावं लागतं. आणि एक ताकीद. प्रत्येक कॅसेटीच्या पाठीला नखाएवढी सरकती खुंटी असते. ती बंद बाजूला असली की कॅसेटीवर नवीन काही भरता येत नाही. गिऱ्हाइकाच्या कॅसेटीची खुंटी सरकवायची नाही. हे काका दोनदा म्हणाले.

मी वहीत नवं पान आखलं: कॅसेट क्रमांक, मिनिटं, तुकडे, शेरा.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

पहिलं गिऱ्हाईक आलं. जाड चष्म्याच्या एक बाई, पन्नाशीच्या आतबाहेर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बारा कॅसेटी, प्रत्येकीवर आकडा घातलेला. काकांनी त्यांना वर पाठवलं. मी पाणी दिलं ते त्यांनी घेतलं, पण नुसतं हातात धरून बसल्या. म्हणणं एवढंच की सगळं माझ्या मुलीचं आहे, सगळं उतरवा, एक क्षणही कापू नका. शूटिंग कुणी घेतलंय, असं मी सहज विचारलं, तर म्हणाल्या, मीच.

त्यांची नजर माझ्या वहीवर होती. ठकीच्या जुन्या वह्यांची पाठकोरी पानं शिवून मी ती केली आहे. काहीच वाया घालवत नाही वाटतं तुम्ही, म्हणाल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. मग ठकीला जवळ बोलावून वय विचारलं, इयत्ता विचारली, मैत्रिणी किती, परीक्षेपुरती राहणार कुठे. या बयेने गावाचं नाव, गल्ली आणि अक्काच्या दाराचा रंगसुद्धा सांगून टाकला. त्या गेल्यावर मी रागावले, अनोळखी माणसाला एवढं सांगू नये. ठकी म्हणाली, अनोळखी कुठे, आपल्याकडे पाणी प्यायल्या की.

पेला भरलेलाच होता. मी तो झाडाला घातला.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

कालपासून कॅसेट एक, दोन, तीन उतरवल्या. शेरा लिहायला फारसं काही नाही. तिन्हींत एकच खोली. मध्ये टेबल, त्यावर चौकटीचं कापड, मागे हिरवं कपाट, त्याला काचेची दारं. ठकीच्या वयाची एक मुलगी, पिवळ्या फ्रॉकमधली, तिथे खेळते. मणी ओवते, कपबशी मांडते. चित्र इतकं स्वच्छ की फ्रॉकच्या किनारीचे टाके मोजता येतात आणि कपाटावरची धूळही दिसते. बाईंना घर झाडायचा कंटाळा असावा.

तुकडे मात्र पडत नाहीत. प्रत्येक कॅसेट सलग त्रेपन्न मिनिटं, कॅमेरा मध्ये एकदाही थांबलेला नाही. शेवटी सात मिनिटं कोरी. काकांना सांगितलं तर म्हणाले, आईला पोरीचं किती घेऊ न् किती नको असं होतं, तुम्हीही तेच कराल.

ठकी शेजारी बसून बघत होती. तिने एक विचारलं. ती मुलगी कप दोन का मांडते? मी पुन्हा बघितलं. खरंच, दोन. आणि ती मधूनमधून बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून थांबते, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी, आणि मग मान हलवते. मुलं एकटी खेळली की असंच करतात. ठकी म्हणाली, पण तिला उत्तर आवडत नाहीये, बघ तिचं तोंड.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

ठकीची बॅग भरली. पेन्सिल तासताना तिने अंगठा कापून घेतला, माझ्या जुन्या निळ्या साडीची चिंधी गुंडाळली आहे.

आज एक गोष्ट केली. लिहून ठेवते, म्हणजे लपवाछपवी राहत नाही. कॅमेरा घरात आहे, लेक महिनाभर दूर चालली आहे, तिचं थोडं भरून ठेवावंसं वाटलं. नवी कॅसेट एकशे साठ. आणि समोर डब्यात बारा कॅसेटी, प्रत्येकीच्या शेवटी सात मिनिटं कोरी. बारा साते चौऱ्याऐंशी मिनिटं त्या बाईंनी नुसती गुंडाळून ठेवलेली. माझ्या हाताला हे सोसवत नाही. बारावी कॅसेट घेतली. आधी तिची त्रेपन्न मिनिटं नीट उतरवली, म्हणजे गिऱ्हाइकाचं नुकसान नको. मग पेनाच्या टोकाने खुंटी सरकवली आणि शेवटच्या सात मिनिटांत ठकीला भरलं. नंतर कॅमेऱ्याच्या भिंगाला झाकण लावून तेवढाच अंधार वरून भरला की झालं. कुणाचं काय गेलं?

ठकी घरात चुरूचुरू बोलते पण फोनवर तिची वाचा बसते. म्हणून आम्ही फोनचा सराव केला. कंगवा कानाला लावून ती म्हणाली, हॅलो आई, मी ठकी बोलतेय. मी पोचले. बसमध्ये उलटी झाली नाही. इथे ती शिंकली आणि स्वतःलाच सॉरी म्हणाली. मग, दात अजून हलतोय. तू रडू नकोस हं. मावशी हाक मारतेय, ठेवते. हे तिने तीनदा केलं, तिन्हीदा शिंकेचं नाटकही. सात मिनिटं कशी गेली कळलं नाही.

ते कॉम्प्युटरमध्ये उतरवलं, लहान केलं, आणि माझ्या हातची पहिली डीव्हीडी तयार झाली. वर काळ्या पेनाने ‘ठकी’ लिहिलं. बॅगेत घातली. अक्काकडे यंत्र आहे, ती बघेल आणि नाकं मुरडेल की धाकटीला आता हेही येतं.

रविवार, १० फेब्रुवारी

हे काल ठकीला पोचवून आज परत आले. मी खालच्या फोनवरून अक्काशी बोलले. ठकी फोनवर आलीच नाही, पलंगामागे लपली. अक्का म्हणाली, तुझ्या लेकीचा वरचा दात सकाळी बिस्किटात निघाला, कागदात बांधून ठेवलाय, तुला दाखवायला. आणि त्या तबकडीचं वेड लागलंय, चारदा बघून झाली.

घर फार मोठं वाटतंय.

सोमवार, ११ फेब्रुवारी

सकाळी जप झाल्यावर आधी ते काम उरकलं. बारावी कॅसेट लावली, झाकण चढवलं, ठकीच्या सात मिनिटांवर सात मिनिटं अंधार भरला. खुंटी पुन्हा बंद केली. कॅसेट होती तशी झाली. ठकीचं कॉम्प्युटरमध्ये आहेच.

मग चार आणि पाच. आज एक गोष्ट लक्षात आली ती खटकली. त्या हिरव्या कपाटाच्या काचेत समोरची सगळी खोली दिसते. मुलीची पाठ दिसते, टेबल दिसतं, खिडकी दिसते. कॅमेरा धरणारं माणूस दिसत नाही. आधी वाटलं, कॅमेरा तिपाईवर असेल. पण चित्र हलतं. मुलगी खिडकीकडे गेली की चित्र तिच्यामागे जातं, ती खाली बसली की खाली बसतं. मी चित्र मोठं करून काचेचा कोपरान् कोपरा बघितला. जिथे बाई उभ्या असायला हव्यात तिथे भिंतीवरचं कॅलेंडर आहे.

काकांना विचारलं. ते म्हणाले, शूटिंग मुलीच्या वडिलांनी केलंय, बाईंनीच सांगितलं. मला तर त्या म्हणाल्या होत्या, मीच.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

कॅमेऱ्याला एक बटण आहे, ते दाबलं की शूटिंग कधीचं आहे ती तारीख पडद्यावर येते. काकांनी आज दाखवलं. पहिली कॅसेट तीन वर्षांपूर्वीची. पाचवी दोन वर्षांपूर्वीची. आठवी गेल्या वर्षीची. बारावी मागच्या महिन्यातली.

मुलगी या चारही कॅसेटींत तेवढीच आहे. कपाटाच्या दुसऱ्या मुठीएवढी. मी पडद्यावर पट्टी धरून मोजलं. फ्रॉक तोच. आमची ठकी वर्षाला चार बोटं वाढते, दरवर्षी फ्रॉकची शिलाई उसवावी लागते.

यांना दाखवलं. म्हणाले, तारीख चुकीची लावलेली असेल, आपल्या भिंतीवरचं घड्याळ तरी कुठे बरोबर आहे. आणि सगळ्यांची पोरं तुझ्या पोरीसारखी ताडमाड वाढत नाहीत. हसले. मग काकांकडून कळलं ते मी यांना सांगितलं, आणि ते हसायचे थांबले. बाईंची मुलगी तापाने गेली. तीन वर्षांपूर्वी. काकांना वाटलं होतं मला माहीत आहे.

म्हणजे पहिल्या कॅसेटीनंतरच्या अकरा ती गेल्यावरच्या.

जप दोनदा केला. मन लागलं नाही.

बुधवार, १३ फेब्रुवारी

हे सकाळी कंपनीच्या दुसऱ्या गोदामात माल मोजायला गेले, आठ दिवसांसाठी.

सहा, सात, आठ काल उतरवून झाल्या. आज कॅसेट नऊ. त्रेपन्न मिनिटं, एक तुकडा. पण शेरा लिहायला हात धजत नाही.

अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला मुलगी दुसरा कप पुढे सरकवते. बाजूने एक हात येतो आणि तो कप घेतो. लहान हात. अंगठ्याला निळी चिंधी.

वाटलं, कॉम्प्युटरमध्ये माझ्याच हातून दोन्ही एकत्र झालं असेल. तार काढली. नुसत्या कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर लावून बघितलं. तिथेही. खुंटी बघितली, बंद आहे. ही कॅसेट मी याआधी उघडलेलीच नाही. शूटिंगची तारीख गेल्या वर्षीची.

ती चिंधी मीच फाडली आहे. तिला लाल दोरा बांधला होता. लाल दोरा दिसतो. इतकं स्वच्छ चित्र कशाला काढलं माणसांनी?

गुरुवार, १४ फेब्रुवारी

कॅसेट दहा. कोपर, खांदा, वेणी. पाठमोरी. मुलगी तिच्याशी बोलते आहे आणि आता तिला उत्तर आवडतंय.

धावत खाली जाऊन अक्काला फोन लावला. पलीकडून, हॅलो आई, मी ठकी बोलतेय. इतका जीव भांड्यात पडला की मी रडायलाच लागले. ती म्हणाली, मी पोचले. बसमध्ये उलटी झाली नाही. आणि शिंकली. सॉरी म्हणाली.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

दात अजून हलतोय, म्हणाली. तू रडू नकोस हं.

मी विचारलं, ठकी, दात तर पडला ना, रविवारी? तिने ऐकलंच नाही. मावशी हाक मारतेय, ठेवते. मी ओरडून म्हटलं, अक्काला दे. मग पुन्हा, हॅलो आई, मी ठकी बोलतेय.

शेवटी अक्काने तिच्या हातातून फोन घेतला असावा. अक्का खुशीत. म्हणाली, अगं, काय शहाणी झाली ही चार दिवसांत, आरडाओरडा नाही, हट्ट नाही, एका जागी बसून खेळते. फोन वाजला की हीच पळते. फक्त ते दोन दोन कप काढायचं खूळ कुठून शिकली कुणास ठाऊक, भांडी मला घासावी लागतात. मी म्हटलं, तिचं तोंड बघ, दात— लाईन गेली. पुन्हा लावला. हॅलो आई, मी ठकी—

काकांनी फोन माझ्या हातातून काढून ठेवला.

वर येऊन कॉम्प्युटरमधली माझी सात मिनिटं उघडली. आमची खोली दिसते. टेबल, खाली पुठ्ठ्याची घडी, टेबलावर कंगवा. ठकी नाही. आवाजही नाही. सात मिनिटं नुसती खोली.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

दुपारी बाई आल्या. हातात बॅग, प्रवासाची. मी दार अडवून उभी राहिले, काम झालेलं नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, राहू द्या. आता डीव्हीडी नकोत. कॅसेटीही तुमच्याकडेच ठेवा.

मी विचारलं, माझ्या मुलीचं काय केलंत? त्या शांतपणे म्हणाल्या, मी काही केलं नाही. शेवटची जागा मी मुद्दाम कोरी ठेवते. तीन वर्षांत चार स्टुडिओंत डबा दिला. कुणी कॅसेटीला हात लावला नाही, जो तो नवी घेतो. तुम्ही घेतली नाहीत. तुमची वही बघितली तेव्हाच मला वाटलं, ही बाई जागा वाया घालवायची नाही.

मी त्यांचे पाय धरले. खरंच धरले. त्यांनी मला उठवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, माझी फार दिवस एकटी होती हो. आणि तुम्हीच तर वरून अंधार घातलात. दार तुम्ही लावलंत.

पैसे विचारले. किती झाले. टेबलावर काहीतरी ठेवून गेल्या, मोजलं नाही.

खिडकीतून बघितलं. बस थांब्याकडे गेल्या.

बारावी लावली. चौकटीचं कापड. हिरवं कपाट. दोन कप. पिवळ्या फ्रॉकची मुलगी नाही. ठकी आहे. एकटी. काचेतही एकटी.

शनिवार, १६ फेब्रुवारी, सकाळ

पत्र आधी इथे लिहिते, मग कोऱ्या कागदावर उतरवीन, चुकून कागद फुकट नको. काका टपालात टाकतील.

ती. अक्का, सा. न.

फोन करू नकोस. मी केला तरी त्यावर जाऊ नकोस, उचलायला तुझ्याकडची तीच येते. कालपासून सहा वेळा तीच आली आणि तिथेच शिंकली.

मी निघाले होते. पहिली बस होती. जिन्याच्या पायरीपर्यंत गेले आणि आतून हाक आली. कॅसेट थांबवलेली होती. तरी. मी उठले की कॅसेटीतली ती रडते, बसले की गप्प होते. दुसरा कप माझ्याकडे सरकवते. कशी येऊ?

हिच्या तोंडात खिडकी आहे. वरचा दात नाही. तुझ्याकडे पडला तोच. म्हणजे ही आपली. अंगठ्याची चिंधी सुटली आहे, कुणी बांधायला—

तुझ्याकडे आहे तिचं तोंड उघडून बघ. दात असेल. तुझ्या पुडीत एक आणि तिच्या तोंडात एक. घाबरू नकोस. मारू नकोस. तिला जेवायला घाल, तीही कुणाची तरी आहे. पण घराबाहेर सोडू नकोस. जाड चष्म्याची बाई येईल, पांढरे बूट, तुझ्या दाराचा रंग तिला माहीत आहे. म्हणेल माझी आहे. ते खरं आहे. तरी देऊ नकोस. ती गेली तर बदल्यात द्यायला माझ्याजवळ काही—

ती तबकडी फोडू नकोस. मला वाटतं ती तिथून बाहेर— तर तिथूनच परत—

पडद्यावरचे मिनिटांचे आकडे चालताहेत. थांबवलंय तरी चालताहेत. लिहायला बसले तेव्हा चाळीस होते. आता पन्नास. त्रेपन्नपर्यंत खोली आहे. पुढची सात मिनिटं मी भरलेली. अंधार. खुंटी सरकवून पुसायला गेले तर ती नाही म्हणून मान हलवते. काय पुसलं जाईल ते मला—

एक्कावन्न. खिडकीतला उजेड कमी होतोय तिकडच्या. ती इकडे बघते आहे. कंगवा नाही तिच्याकडे, हातच कानाला लावलाय, ओठ हलताहेत, आता आवाज नाही. आवाज तुझ्याकडे आहे.

देवा, तिच्याजवळ बस.

अक्का, बाई आली का, मुलगी घरात आहे का, एवढंच. फोन नको. तुझ्या हातच्या अक्षरात. बावन्न. उलट टपाली कळव, तिला दिली तर नाहीस ना, उलट टपाली